डाव्या कोपऱ्यातला पोचा

१

प्रवासाच्या चौथ्या दिवशी सकाळी सात वाजता माझ्या सासऱ्यांनी आमच्या खोलीच्या खिडकीवर हळूच टकटक केली आणि मला खुणेने बाहेर बोलावलं. बायकोला उठवू नका, असंही त्या खुणेत होतं. मी चपला हातात घेऊन चोरासारखा बाहेर आलो.

लॉजच्या अंगणात आमची गडद निळी गाडी उभी होती आणि बाबा तिच्या मागे उकिडवे बसले होते. फिरायला जाताना घालायचे बूट अजून त्यांच्या पायात होते.

"हे बघा," ते म्हणाले.

मागच्या बंपरच्या डाव्या कोपऱ्यात तळहाताएवढा पोचा पडला होता. त्याच्या मधोमध रंग खरवडून निघाला होता.

"अरे बापरे! कोणी ठोकली?"

"मीच. ही गाडी दुसरं कोण चालवतं?"

मला गाडी चालवायची परवानगी नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. मी दातांचा डॉक्टर आहे, माझं लायसन्स सतरा वर्षांचं आहे, पण बाबांच्या मते मी ब्रेक उशिरा लावतो. त्यामुळे दरवर्षी देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अडीच-तीन हजार किलोमीटर मी मागच्या सीटवर बसून जातो. मध्ये आत्या, पलीकडे बायको, मांडीवर खाण्याची पिशवी. तक्रार नाही. वर्षातला तो माझा सगळ्यात आवडता आठवडा आहे.

पण या वर्षी एक गोम होती. माझी बायको इस्पितळात अपघातातून वाचलेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवते. रोज मोडलेली हाडं पाहणाऱ्या बाईला चौऱ्याहत्तर वर्षांचा बाप हजारो किलोमीटर गाडी हाकतो, हे बघवत नाही. गेल्या महिन्यात बाबांनी घराच्या फाटकाला आरसा घासला आणि ठिणगी पडली. दोघांची जुंपली. शेवटी बाबाच म्हणाले, "या प्रवासात गाडीला एक ओरखडा जरी आला, तर किल्ली द्यायची. कायमची." बायको म्हणाली, "शब्द?" बाबा म्हणाले, "शब्द." सासूबाईंच्या, म्हणजे आईंच्या, कानावर हे घालायचं नाही, असंही ठरलं, कारण आईंच्या आयुष्यात या प्रवासाइतका लाडका दुसरा विषय नाही.

बाबा निवृत्त मुद्रितशोधक आहेत. चाळीस वर्षं त्यांनी छापखान्यात लोकांच्या चुका शोधल्या. स्वतःची चूक लपवणं त्यांच्या रक्तातच नाही.

"काल चहाला थांबलो होतो, तिथे गाडी मागे घेताना झालं असणार," ते म्हणाले. "दुकानाशेजारी किलोमीटरचा दगड होता. मला आवाजसुद्धा आला नाही हो. म्हणजे कान गेले म्हणायचे." ते गुडघ्यावर हात टेकून उठले. "दुपारी जेवायला थांबू तेव्हा पोरीच्या हातात किल्ली ठेवतो. तोवर तोंड मिटून बसा. आणि हिला तर मुळीच कळता कामा नये."

त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण त्यांनी गाडीच्या टपावर हात ठेवला आणि तो उचलायला त्यांना फार वेळ लागला. मला फार वाईट वाटलं.

"हिला म्हणजे वहिनीला नाही सांगायचं. पण मला सांगायचं नाही, असं कोणी ठरवलं?"

आम्ही दोघं दचकून मागे वळलो. दातात ब्रश धरून आत्या उभ्या होत्या.

२

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. वय एकोणऐंशी. गाड्यांच्या विमा कंपनीत पस्तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं: ठोकलेल्या गाडीकडे बघून मालक खरं बोलतोय की थापा मारतोय ते सांगायचं. त्यांच्या नुसत्या येण्याने गॅरेजवाल्यांच्या कपाळावर आठ्या पडत. डोळ्यांना ऑपरेशननंतर जाड भिंगं आली म्हणून गाडी चालवणं सुटलं, पण पोचा दिसला की आजही त्यांची भूक जाते.

त्यांनी ब्रश खिशात ठेवला, माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि खाली बसल्या. बोटं पसरून त्यांनी जमिनीपासून पोच्यापर्यंतची उंची मोजली. दोन विती आणि चार बोटं. मग गाडीच्या दारावर बोट ओढलं. बोटाला धुळीचा जाड थर आला. काल चहाच्या दुकानानंतर रस्त्याचं काम चालू होतं आणि चाळीस किलोमीटर आम्ही कच्च्या वाटेने धूळ खात आलो होतो. निळी गाडी पार मातकट झाली होती.

तेच बोट त्यांनी खरवडल्या जागेवर फिरवलं आणि माझ्या नाकापुढे धरलं.

"जावईबापू, काय आहे?"

बोटावर पांढरी भुकटी होती. माझं अर्धं आयुष्य पांढऱ्या भुकटीत गेलंय. चिमटीत चोळून पाहिली. "रंग नाही हा. रंगाची साल निघते, त्याचं असं पीठ होत नाही. चुना आहे."

"दगडाला चुनाच लावतात," बाबा खिन्नपणे म्हणाले. "मी म्हटलं ना."

आत्यांनी अंगणभर नजर फिरवली. कुंपणाला लोखंडी निळे पाइप होते, भिंत विटांची होती. पांढरं असं काही नव्हतंच. काल संध्याकाळी मात्र आमच्या शेजारी एक पांढरी गाडी लागली होती. आता ती जागा रिकामी होती.

"ती पांढरी गाडी!" मी म्हणालो. "निघताना आपल्याला घासून गेली असेल."

"आत्ताच तुम्हीच म्हणालात, हा गाडीचा रंग नाही म्हणून," आत्या म्हणाल्या.

लॉजचा मालक पाण्याच्या टाकीवरून शिडीने खाली येत होता. गोल पोटाचा, माझ्या खांद्याला लागणारा, बोलघेवडा माणूस. आत्यांनी त्याला गाठलं. मी पाठोपाठ गेलो. बाबा सामान आणायला आत गेले.

"सकाळी अंगणात कोण होतं हो?"

"मी टाकीवर होतो, ताई. सहापासून. पाइप गळतोय. साहेब सहाला मागच्या कालव्याकडे फिरायला गेले, ते पाहिलं. मग इकडे पाठ करून बसलो."

"गाडीचा आवाज?"

"आला की. एक गाडी सुरू झाली आणि बंद पडली. पुन्हा सुरू झाली, पुन्हा बंद पडली. तिसऱ्यांदा निघाली. मनात म्हटलं, पांढऱ्या गाडीची बॅटरी उतरली वाटतं. मग थोड्या वेळाने पुन्हा एकदा गाडीचा आवाज आला. पण मी काही वळून पाहिलं नाही. हातात पाना होता."

"किल्ल्या कुठे असतात?"

"रात्री सगळ्यांच्या किल्ल्या काउंटरच्या खिळ्यावर. कोणाची गाडी आडवी आली तर हलवता यावी म्हणून. पण तुमच्या गाडीला मी हात लावलेला नाही हं! देवाशपथ."

आत्यांनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. तो बिचारा पाना छातीशी धरून उभा राहिला.

"बाबांचं काय?" मी परत येताना विचारलं. "त्यांनीच ठोकली?"

"मुळीच नाही," आत्या म्हणाल्या. "पण एवढ्यावर तो ऐकणार नाही. कोणी ठोकली ते सांगावं लागेल. दुपारपर्यंत वेळ आहे ना?"

३

निघताना आमच्याकडे एक विधी असतो. बाबा गाडीत बसून मीटरवरचा आकडा मोठ्याने वाचतात, शेजारी बसलेल्या आई तो पुन्हा उच्चारतात आणि वहीत लिहितात. मुक्कामाला पोचल्यावर पुन्हा तेच. लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासापासून, म्हणजे अडतीस वर्षं हे चालू आहे. अशा अकरा वह्या घरी कपाटात आहेत. काल संध्याकाळी अंगणात गाडी लावल्यावर बाबा म्हणाले होते, "एकसष्ट हजार चारशे ब्याऐंशी." आई म्हणाल्या होत्या, "चारशे ब्याऐंशी." मगच आम्हाला दारं उघडायची परवानगी मिळाली होती.

आईंनी तीस वर्षं औषधांच्या दुकानात काढली. गोळ्यांच्या ताकदीचा आकडा चुकला की माणूस जातो, हे त्यांच्या अंगात इतकं भिनलंय की दूधवाल्याशी बोलतानाही त्या आकडा दोनदा म्हणतात. परवा गाडी धुवायला दिली होती. धुणाऱ्याने पाण्याच्या सोयीसाठी ती गल्लीला वळसा घालून आणली. निघताना आकडा एकाने जास्त भरला. आईंनी पेन खाली ठेवलं, गाडीतून उतरल्या आणि त्या माणसाला असं फैलावर घेतलं की तो शेवटी वळशाचा नकाशा काढून दाखवायला लागला. एका किलोमीटरसाठी! वहीत तशी नोंद झाल्यावरच आम्ही निघालो.

आज सकाळी मात्र त्या खुशीत होत्या. हल्ली त्या खुशीतच असतात. चार महिने झाले, आठवड्यातून तीनदा शिवणाच्या क्लासला जातात. अजून एक उशीचा अभ्रासुद्धा शिवून घरी आलेला नाही, म्हणून बायको त्यांना चिडवते. त्या नुसत्या हसतात.

बाबा गाडीत बसले आणि त्यांचे गुडघे स्टिअरिंगला आपटले.

"आई गं! आता पायसुद्धा वळेनासे झाले," ते पुटपुटले. सीट मागे ढकलली, मग आरसा नीट केला. एरवी मी यावर काहीतरी विनोद केला असता. आज माझी हिंमत झाली नाही. आत्या चष्म्याच्या काचा पुसत होत्या.

"एकसष्ट हजार चारशे शहाऐंशी," बाबांनी वाचलं.

"चारशे शहाऐंशी," आई म्हणाल्या आणि लिहिलं.

आम्ही निघालो. ऊन कोवळं होतं, दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेतं पसरली होती, रस्ता सरळ आणि मोकळा होता. बायकोने मला केळं सोलून दिलं. या प्रवासात असं होतं की मन जड असलं तरी खिडकीतून वारा लागला की ते हलकं व्हायला लागतं. तेवढ्यात मला आरशात बाबांचे डोळे दिसले आणि मी केळं परत सालीत गुंडाळून ठेवलं.

तासाभराने चहासाठी थांबलो. थर्मास मागे डिकीत होता.

"मी आणतो," बाबा झटकन म्हणाले.

"नको नको, तुम्ही बसा, मी आणते," आई त्याहून झटकन म्हणाल्या.

"अगं, तू कशाला?"

"अहो, तुम्ही कशाला?"

दोघंही दोन बाजूंनी उतरून डिकीकडे धावले आणि डाव्या कोपऱ्यासमोर एकमेकांवर आदळले. बाबा अंग चोरून पोचा झाकायला बघत होते. आई तिथेच पदर सारखा करत उभ्या होत्या. थर्मास कोणीच काढला नाही. शेवटी तो मी काढला.

"काय चाललंय यांचं?" बायकोने मला विचारलं.

मी खांदे उडवले. आत्या मात्र त्या दोघांकडे टक लावून बघत होत्या, आणि मग त्या गालातल्या गालात हसल्या. ते हसू मला अजिबात आवडलं नाही, कारण हसता हसता त्यांनी मला बाजूला ओढलं आणि म्हणाल्या, "जावईबापू, सकाळी सहा ते सात तुम्ही कुठे होतात?"

४

"झोपलो होतो!"

"साक्षीदार?"

"बायको."

"तीही झोपली होती. झोपलेल्या माणसाची साक्ष चालत नाही."

हे विनोदाने चाललंय की खरं, ते आत्यांच्या तोंडावरून कधीच कळत नाही. त्यांनी मला फार वेळ त्या अवस्थेत ठेवलं.

पुढे वीस मिनिटांनी त्यांनी पाय आखडल्याची तक्रार केली. बाबांनी गाडी बाजूला घेतली. त्या उतरल्या, माझा हात धरला आणि थेट रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडापाशी गेल्या. पांढराशुभ्र, नुकताच चुना फासलेला दगड. तो उगाच न्याहाळत असल्यासारखं करून त्यांनी वीत लावली. दगडाच्या खांद्याची कड बरोबर दोन विती आणि चार बोटांवर होती.

"म्हणजे बाबांचं खरं आहे," मी हळू आवाजात म्हणालो. "दगडच लागलाय. चहाच्या दुकानापाशी."

"डॉक्टर, दात किडलेला दिसला तर कधी किडला तेही बघता ना तुम्ही? खरवडलेल्या जागेवर धूळ होती का?"

मी आठवून पाहिलं. "नव्हती. नुसता चुना होता."

"दुकानापाशी लागली असती, तर त्यानंतर चाळीस किलोमीटरची धूळ त्यावर बसली असती. सगळ्या गाडीवर बसली, तेवढा तळहात सोडून बसायला धूळ काय सोवळं पाळते? पोचा मुक्कामाला पोचल्यावर पडलाय."

"पण अंगणात दगड नव्हता."

"नव्हता," आत्या म्हणाल्या. "म्हणजे गाडी दगडाकडे गेली."

गाडीत बसल्यावर त्यांनी आईंकडे वही मागितली. "दे गं जरा, वेळ जात नाही." आईंनी वही मागे देताना क्षणभर हात आखडता घेतला, मग दिली. आत्यांनी पानं मागेपुढे उलटली. भिंगं लावून एका पानावर त्या बराच वेळ थांबल्या. मग वही मिटून त्यांनी ती छातीशी धरली आणि डोळे मिटून घेतले.

"मिळालं?" मी कुजबुजलो.

"मिळालं," त्या म्हणाल्या. "आणि आता मला ते सांगायचं नाहीये. सांगावं न लागलं तर बरं होईल."

५

जेवायला आम्ही एका टेकडीच्या माथ्यावर थांबलो. झाडाखाली लाकडी टेबलं होती, खाली दरीतून रस्ता वळणं घेत उतरत होता. पाव, लोणी, उकडलेली अंडी आणि आईंनी कापलेल्या काकड्या. बाबांनी काहीही खाल्लं नाही. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि बायकोच्या ताटलीशेजारी ठेवली.

"हे काय?" बायको म्हणाली.

"मागच्या डाव्या कोपऱ्याला पोचा आहे. काल पडला. मला कळलंसुद्धा नाही." त्यांनी घसा खाकरला. "शब्द म्हणजे शब्द."

बायकोने किल्लीला हात लावला नाही. जिंकल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हता, उलट डोळे भरून आले. "बाबा, मी तसं नव्हतं..."

"कसला शब्द?" आईंनी विचारलं. त्यांच्या हातातली सुरी काकडीवर थांबली होती.

बायकोने सगळं सांगितलं. फाटक, आरसा, ओरखडा, कायमची किल्ली. आई ऐकत गेल्या आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरत गेला.

"मग हा शेवटचा प्रवास?" त्या म्हणाल्या.

"माझ्यापुरता," बाबा म्हणाले. "चूक म्हणजे चूक."

"चूक कोणाची ते आधी बघू," आत्या म्हणाल्या आणि अंडं सोलायला घेतलं. "पोचा काल पडलेला नाही. त्याच्यावर धूळ नाही. आज सकाळी सहा ते सातच्या दरम्यान, तू कालव्यावर फिरत असताना, कोणीतरी खिळ्यावरची किल्ली घेतली, गाडी बाहेर काढली, दगडाला ठोकली आणि आणून जागेवर लावली."

"लॉजवाला!" बाबा ताठ झाले.

"त्याने गाडी सुरू होऊन दोनदा बंद पडल्याचा आवाज ऐकला. स्वतः केलं असतं, तर आपण होऊन तो हे सांगायला गेला नसता. आणि रोज पाहुण्यांच्या गाड्या हलवणाऱ्याची गाडी दोनदा बंद पडत नाही. ज्याला क्लच सोडता येत नाही, त्याची पडते. या गाडीची सवय नसलेला माणूस."

बायकोची मान हळूहळू माझ्याकडे वळली. बाबांचीही वळली.

"तू?" बायको म्हणाली. "सतरा वर्षं तुला चालवायचीच होती ना? म्हणून बाबांना..."

"मी?" माझ्या हातातला पाव खाली पडला. "अगं, मी घोरत होतो!"

"तुम्ही ब्रेक उशिरा लावता," बाबा गंभीरपणे म्हणाले.

६

आत्यांनी मला आणखी थोडं उकळू दिलं असतं, पण त्यांना दया आली.

"उभे राहा, जावईबापू," त्या म्हणाल्या. मी उभा राहिलो. माझी उंची सहा फूट एक इंच आहे. "आता तू सांग," त्या बाबांना म्हणाल्या, "सकाळी गाडीत बसताना तुझे गुडघे का आपटले?"

"वय झालं म्हणून."

"गाढवा, रात्रीत वय होतं का? सीट पुढे सरकवलेली होती. आरसाही खाली वळवलेला होता. हे महाशय चालवायला बसले असते, तर सीट मागे गेली असती. तुझी पोरगी तुझ्यावर गेलीये, मी तुझी बहीण आहे, आपण सगळे ताडमाड. सकाळी तुझ्या सीटवर कोणीतरी बुटकं बसलं होतं." आत्यांनी वही टेबलावर ठेवली, पण उघडली नाही. "आणि परवा एका किलोमीटरसाठी गाडी धुणाऱ्याला रडवलं, तेव्हा..."

"वन्सं, पुरे," आई म्हणाल्या. "मी सांगते."

त्यांनी सुरी पुसून ठेवली. वही उघडली आणि वाचलं, "काल मुक्कामाला, चारशे ब्याऐंशी. आज निघताना, चारशे शहाऐंशी. चार किलोमीटर. दोन जायला, दोन यायला."

मी डोक्यावर हात मारला. दोन्ही आकडे माझ्या कानावर पडले होते. बाबांनी तर स्वतःच्या तोंडाने वाचले होते.

"तू लिहिलंस?" बायकोने विचारलं. "तुला लपवायचं होतं, तर खरा आकडा का लिहिलास?"

आईंनी तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिने विषाची बाटली खोकल्याच्या औषधाच्या फडताळावर ठेवायला सांगितली होती. "खोटा आकडा? वहीत?"

"त्या आकड्यावरून मला नाही कळलं," आत्या म्हणाल्या. "तू गप्प राहिलीस, त्यावरून कळलं. चार किलोमीटर जास्त भरले आणि तू ब्रसुद्धा काढला नाहीस. म्हणजे ते कुठे गेले, ते तुला ठाऊक होतं."

आईंनी पर्समधून एक कार्ड काढून बाबांच्या पुढ्यात ठेवलं. लायसन्स. तीन आठवड्यांपूर्वीचं. फोटोत त्या शाळेच्या स्पर्धेत बक्षीस मिळाल्यासारख्या ताठ बसल्या होत्या.

"शिवणाचा क्लास," बायको म्हणाली आणि तोंडावर हात ठेवून हसायला लागली.

"शेवटच्या दिवशी सांगणार होते," आई बाबांना म्हणाल्या. "शिकवण्याची गाडी एवढीशी होती. हिची सवय व्हावी म्हणून सकाळी घेऊन गेले. वळवताना दगड लागला. बिघडवली तुमची गाडी. पण तो पोचा तुम्हाला दिसलाय आणि तुम्ही तो स्वतःच्या अंगावर घेऊन बसलाय, हे मला काय माहीत? मला वाटलं, अजून कोणाच्या लक्षातच आलं नाही. म्हणून तर थर्माससाठी धावले."

बाबा लायसन्स हातात घेऊन बघत होते. सवयीने त्यांनी त्यावरचं एकेक अक्षर तपासलं. चूक नव्हती.

"पण का?" त्यांनी विचारलं. "मी चालवतो, ते काय..."

"चांगलं चालवता. छानच चालवता. पण दुपारी तीननंतर तुमचे डोळे चुरचुरतात आणि तुम्ही कोणाला सांगत नाही. पोरीला ते मागून दिसत नाही, मला शेजारून दिसतं." आई थांबल्या. "आणि दुसरं म्हणजे, अडतीस वर्षं मी तुम्हाला सांगतेय, ते बघा तळं, ते बघा बगळे, केवढी फुलं बघा. तुम्ही 'हो हो' म्हणता. रस्त्यावरून नजर काढता येत नाही तुम्हाला, मला कळतं ते. पण सगळा देश कितीतरी वेळा पार केलात आणि पाहिलात फक्त रस्ता. मला वाटलं, एकदा तुम्ही माझ्या जागेवर बसावं."

आत्यांनी चष्मा काढून पुसला आणि बायको माझा हात घट्ट धरून बसली. इतक्या वेळात बाबांच्या चेहऱ्यावरचा सकाळचा तो थकवा कधी गेला, ते मला कळलं नाही. त्यांना आवाज ऐकू आला नव्हता, कारण आवाज झाला तेव्हा ते कालव्यावर होते. त्यांचे कान शाबूत होते, पाय शाबूत होते. ते बराच वेळ खाली दरीकडे बघत राहिले.

"वळवताना कोणत्या आरशात पाहिलंस?" त्यांनी विचारलं.

"तिन्ही."

"दगड कुठल्यात दिसला?"

"एकातही नाही. आरसे सगळे तुमच्या उंचीचे. आतला तेवढा मी फिरवला, बाहेरचे विसरले."

"हं," बाबा म्हणाले. मग त्यांनी लेकीच्या ताटलीशेजारची किल्ली उचलली. "ओरखडा आला तर किल्ली द्यायची ठरली होती. ओरखडा आलाय. फक्त कोणाला द्यायची, ते आपण बोललो नव्हतो."

आणि त्यांनी ती आईंच्या हातात ठेवली.

"बाबा, अर्धा-अर्धा दिवस," बायको डोळे पुसत म्हणाली. "सकाळी तुम्ही, दुपारी आई. मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

"शब्द?"

"शब्द."

"आणि मी?" मी विचारलं. सगळ्यांनी एकसुरात सांगितलं की मी ब्रेक उशिरा लावतो.

बाहेरचे दोन्ही आरसे बाबांनी स्वतः उतरून आईंच्या उंचीला लावले. मग ते शेजारच्या सीटवर बसले. हात कुठे ठेवायचे ते त्यांना समजेना. शेवटी आईंनी त्यांच्या हातात वही आणि पेन दिलं.

"एकसष्ट हजार सहाशे अकरा," आईंनी वाचलं.

"सहाशे अकरा," बाबा म्हणाले आणि लिहिलं.

गाडी सुरू झाली आणि बंद पडली. पुन्हा सुरू झाली, पुन्हा बंद पडली. मागे आम्ही तिघांनी श्वास रोखून धरला. तिसऱ्यांदा ती निघाली, आणि टेकडीवरून सावकाश, अगदी सावकाश खाली उतरायला लागली. सुरुवातीला बाबा रस्त्याकडेच बघत होते आणि त्यांचा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबला जात होता. पाचव्या वळणावर तो पाय सैल पडला. सातव्या वळणावर त्यांनी काच खाली केली.

"अगं, हे काय?" ते एकदम ओरडले. "इथे तळं आहे!"

"आहे," आई रस्त्यावरून नजर न हलवता म्हणाल्या.

"केवढं मोठं! आपण इथून आधी गेलोय?"

"चारदा."

"आणि बगळे! बघ, बघ, तिकडे बघ."

"हो हो," आई म्हणाल्या.

संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावर बाबांनी आकडा लिहिला आणि वही मिटायच्या आधी बराच वेळ पेन हातात धरून बसले. आत्यांनी नंतर ती वही मला दाखवली. आईंच्या टपोऱ्या आकड्यांखाली बाबांचं बारीक, रेखीव अक्षर होतं. आकड्यापुढे त्यांनी एकच ओळ लिहिली होती: आज तळं पाहिलं.